वाया गेलेल्या फोटोंचा डबा

पाठीमागे सगळे तिला ‘हलू नका’ म्हणत आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं. एकतीस वर्षं तिने ओळखपत्रांचे फोटो काढले होते. स्टूलवर माणूस बसला की ती दोन बोटांनी त्याची हनुवटी धरायची, मान सरळ करायची, दोन पावलं मागे जायची आणि म्हणायची, "ओठ मिटा. हसायचं नाही. हलू नका." मग खटका दाबायची. समोर फौजदार असो, शाळामास्तर असो की कालच लग्न झालेली मुलगी असो, हुकूम तोच. तिच्या हाताखालून गेलेली अख्खी वस्ती कागदोपत्री एकाच दुःखात असल्यासारखी दिसायची.

पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला, कचेऱ्यांमध्ये तिथल्या तिथे फोटो निघायला लागले आणि स्टुडिओत स्टूल आणि ती अशी दोघंच उरली. शेवटच्या दिवशी तिने स्टूलचाच एक फोटो काढला. फोटो उत्तम आला, कारण स्टूल हललं नाही. मग तिने दाराला कुलूप लावलं, घरी येऊन बसली आणि दोन महिन्यांत सगळ्या घरादाराला नकोशी झाली. भिंतीवरच्या फ्रेमा सरळ करणं एवढाच तिला उद्योग राहिला होता, आणि घरात फ्रेमा होत्या चार.

तिच्या बहिणीची मुलगी दातांची डॉक्टर होती. घरात तिला चिमणी म्हणत. औषधाच्या दुकानावरच्या मजल्यावर तिचा दोन खोल्यांचा दवाखाना होता. एके दिवशी चिमणी येऊन म्हणाली, "मावशी, माझ्याकडे ये. मला फोटो काढणारं माणूस हवंय."

"दातांच्या दवाखान्यात फोटो? कशाला, हार घालायला?"

चिमणीने समजावून सांगितलं. पूर्वी पुढचे दात नीट करायचे म्हणजे डॉक्टर नुसतं तोंडात बघायचे. पण दात काही एकटे राहत नाहीत, ते चेहऱ्यात राहतात. म्हणून आता आधी हसऱ्या चेहऱ्याचे फोटो काढायचे, ते कॉम्प्युटरवर घ्यायचे, नाक, डोळे, ओठ यांच्यावरून रेघा मारायच्या आणि त्या रेघांच्या आधाराने नवे दात आखायचे. ती आखणी प्रयोगशाळेतल्या कारागिराकडे जाते. तो साचा करून पाठवतो. साच्यात मऊ लगदा भरून पेशंटच्या दातांवर तात्पुरते दात बसवायचे आणि त्याला आरसा द्यायचा. आवडलं तर पुढचं पक्कं काम, नाही तर लगदा सोलून टाकायचा.

"माझी अट एकच," चिमणी म्हणाली. "फोटो जसा येईल तसा मला द्यायचा. माणसाला हात लावायचा नाही, फोटोलाही लावायचा नाही. मान तिरकी असेल तर तिरकी असू दे. त्या फोटोवर मी सगळं उभं करते. पायाच सरकला तर घर कुठं जाईल?"

"कळलं गं. लहान मूल आहे का मी?" मावशी म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी कॅमेरा पुसून हजर झाली.

खरी पंचाईत वेगळीच निघाली. जन्मभर जिने लोकांची तोंडं मिटवली, तिला आता ती उघडायला लावायची होती. ‘हसा’ हा शब्द तिच्या तोंडून असा काही निघे की माणसं दचकून आ करत. एक आजोबा तर जीभ बाहेर काढून बसले. "मावशी," चिमणी पडद्याआडून म्हणाली, "तू ‘हसा’ म्हणतेस की ‘हात वर करा’ म्हणतेस?" पण मावशी चिकाटीची होती. महिनाभरात तिला जमायला लागलं. उभ्यानेच फोटो काढायचा, समोरच्या आरशात स्वतःच्याच डोळ्यांत बघायला सांगायचं, मग इकडचं तिकडचं विचारायचं आणि माणूस गाफील झाला की खटका दाबायचा. सकाळी जिना चढताना तिला पुन्हा कामावर जाणारी बाई झाल्यासारखं वाटे, आणि त्या वाटण्यासाठी ती आणखी दहा जिने चढली असती.

अशात एक दिवस घड्याळजी आले.

चौकातल्या घड्याळाच्या दुकानात एका डोळ्याला भिंग लावून बसणारे ते हेच. पंधरा वर्षांपूर्वी सायकलवरून पडून त्यांचे पुढचे चार दात तुटले होते. कुणीतरी कशीबशी डागडुजी केली होती, ती आता पिवळी पडली होती. तेव्हापासून हसू आलं की घड्याळजी खिशातून रुमाल काढून तोंडावर धरत. बरोबर त्यांची बायको होती. ती बोलायला लागली की खोलीत दुसऱ्या कुणाला जागाच उरत नसे.

"डॉक्टर, ह्यांचं हसू मी पंधरा वर्षं रुमालात बांधलेलं बघतेय," ती म्हणाली. "आता मुलीला मुलगी झालीय. ती ह्यांच्याकडे बघून हसते आणि हे तिच्याकडे बघून रुमाल काढतात. पोरीला वाटतं आजोबांना कायमची सर्दी आहे."

घड्याळजी लाजून म्हणाले, "एकदाच करून बघतो, डॉक्टर. जमलं तर जमलं. मला पुन्हा पुन्हा तोंड उघडून बसवायचं नाही."

चिमणीने पडण्याआधीचा एखादा हसतानाचा फोटो मागितला. दात मुळात कसे होते ते दिसलं असतं. घड्याळजींनी पाकिटातून जुनं ओळखपत्र काढलं. तेवीस वर्षांचा मुलगा, ओठ मिटलेले, नजर समोर, चेहऱ्यावर दुःख. चिमणीने फोटो बघितला आणि मावशीकडे बघितलं.

"मावशी, हे तुझंच काम ना?"

"सरळ आलाय की नाही?" मावशी म्हणाली.

मग तिने घड्याळजींना उभं करून नवे फोटो काढले. भिंगामुळे म्हणा, सवयीमुळे म्हणा, त्यांची मान किंचित एका अंगाला कललेली होती. तिची दोन बोटं शिवशिवली, पण अट आठवून तिने हात पाठीमागे बांधले. फोटो कॉम्प्युटरवर आला तेव्हा मात्र तिला राहवेना. उजवा डोळा डाव्यापेक्षा सूतभर खाली! असला फोटो तिच्या हातून कुणाच्या ओळखपत्रावर गेला असता तर तिने दुकान तेव्हाच बंद केलं असतं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि फोटो केसभर फिरवला, दोन्ही डोळे एका ओळीत येईपर्यंत. माणसाला तर हात लावला नाही ना, अशी स्वतःची समजूत घातली आणि फोटो चिमणीकडे पाठवून दिला. जित्याची खोड म्हणतात ती ही.

आठ दिवसांनी साचा आला. चिमणीने लगदा भरून तो घड्याळजींच्या दातांवर दाबला, पाच मिनिटांनी काढला, कडा साफ केल्या आणि हातात आरसा दिला. बायको खुर्चीवरून उठलीच. "अगंबाई! अहो, तुम्ही तर अगदी..." आणि तिला पुढचं सुचेना. हे तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं.

घड्याळजींनी आरशात पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग पुन्हा आरशात.

"छान आहे, डॉक्टर," ते हळूच म्हणाले. "फारच छान. फक्त मी एक मिनिट पुढे आहे."

"म्हणजे?"

"काटा बारावर हवा ना, तो एका मिनिटाने सरकलाय. हिला नाही दिसायचं. मला रोज दाढी करताना दिसेल."

चिमणीने एक चपटी काडी त्यांच्या दातांत आडवी धरायला दिली आणि समोर जाऊन उभी राहिली. काडी एका बाजूला उतरत होती. थोडीशीच, पण उतरत होती. घड्याळजींनी काडी काढून दिली. "राहू द्या, डॉक्टर," ते म्हणाले. "तुम्ही मनापासून केलंत. रुमाल आहे की माझ्याकडे." आणि लगदा सोलून झाल्यावर ते खरंच रुमाल तोंडाशी धरून जिना उतरून गेले. बायको त्यांच्या मागून गेली, एक शब्द न बोलता.

चिमणीचा पारा चढला. तिने कारागिराला फोन लावला आणि झाडलं. आखणी सरळ, रेघा सरळ, मग साचा तिरका कसा? डोळे मिटून काम करता का? पलीकडचा म्हातारा काहीतरी पुटपुटत राहिला. मावशी कोपऱ्यात उभी राहून कॅमेऱ्याची काच पुसत होती. काच केव्हाचीच स्वच्छ झाली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, कुणाला तिचा संशयही नव्हता. सुंठीवाचून खोकला गेला होता म्हणायचा, पण तो तिच्याच छातीत येऊन बसला होता.

ती लवकरच घरी गेली. सांगावं तर कॅमेरा जाणार. अट एकच होती आणि तीच मोडली होती. आणि न सांगावं तर? न सांगावं तर चौकातून जाताना रोज तो रुमाल दिसणार. शिवाय तिला आणखी एक शंका खात होती. हा माणूस मुळातच तिरका होता, की भिंगाने झाला? तिने जुन्या फोटोंची पाकिटं काढली. घड्याळजींची प्रत सापडली, पण तिचा काय उपयोग? ती तर तेव्हाच डोळ्यांच्या ओळीत कापलेली. तिच्या स्टुडिओतून बाहेर पडलेला प्रत्येक माणूस सरळ केलेला होता.

मग तिला डबा आठवला. कपाटाच्या वरच्या फळीवर, बिस्किटांचा, पत्र्याचा. वाया गेलेले फोटो ती त्यात टाकायची. फेकायला जीव व्हायचा नाही म्हणून टाकायची, आणि प्रत्येकाच्या मागे का वाया गेला ते लिहायची, म्हणजे पुढच्या वेळी चूक होऊ नये. खिडकीतल्या उजेडात बसून ती एकेक उलटायला लागली. ‘शिंकली.’ ‘डोळे मिटले.’ ‘हसले.’ ‘माशी.’ ‘हसला.’ ‘हसली, मग आईपण हसली.’ शेकडो माणसं दात काढून तिच्याकडे बघत होती. एकतीस वर्षांत तिने त्यांना एकदाही नीट पाहिलं नव्हतं. पोस्टात खिडकीवर खेकसणारा तो कारकून इतका गोड हसायचा? तिचा हात थांबला. मग तिचा तिलाच राग आला आणि ती पुन्हा शोधायला लागली.

तळाशी तो सापडला. तेवीस वर्षांचे घड्याळजी, तोंड भरून हसणारे, सगळे दात जागच्या जागी, मधला एक शेजाऱ्यावर किंचित चढलेला. मान कललेली. फोटो सरळ केलेला नव्हता, कारण वाया गेलेल्या फोटोला कोण सरळ करत बसतं? तिने फूटपट्टी लावली. डोळे तिरके होते आणि दात फोटोच्या कडेला अगदी समांतर होते. हा माणूस जन्मतःच असा होता. त्याचे डोळे वर-खाली होते आणि हसू सरळ होतं. तिने डोळे सरळ केले होते आणि हसू वाकडं केलं होतं.

मागे लिहिलं होतं: ‘हसला. तीनदा सांगूनही. मागची मुलगी वेडावून दाखवत होती. बाहेर काढली.’

दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट यायच्या आधी मावशीने कॅमेरा चिमणीच्या टेबलावर ठेवला, गळ्यातला पट्टा गुंडाळून. "कारागिराचा दोष नाही," ती म्हणाली. "फोटो मी फिरवला होता. केसभर. मला डोळे तिरके बघवले नाहीत."

"त्या म्हाताऱ्याला मी काय काय बोलले काल," चिमणी म्हणाली. "एकच अट होती, मावशी."

"हो ना. म्हणून तर कॅमेरा आणून ठेवलाय. हे तेवढं बघ, मग मी जाते." तिने जुना फोटो पुढे सरकवला.

चिमणीने तो उचलला. उजेडात धरला. खाली ठेवला, पट्टी लावली, पुन्हा उचलला. तिचा चेहरा बदलत गेला. "हा कुठून आणलास?"

"वाया गेलेल्यांतला आहे. डबाभर आहेत."

"डबाभर? हसणारे? या सगळ्या लोकांचे, दात धड असतानाचे?" चिमणी खुर्चीवरून उठली. "मावशी, गावभर मी पेशंटना जुने हसरे फोटो मागत फिरतेय आणि तू ते डब्यात भरून बसलीयेस?"

"मला काय माहीत ते कामाचे असतात! मला तर ते चुकलेलेच वाटायचे."

चिमणी हसावं की रागवावं या विचारात पडली आणि मग तिने दोन्ही केलं. "आधी तू कारागिराला फोन करून माफी मागायचीस," ती म्हणाली. "स्वतः. आणि कॅमेरा उचल तो. टेबल काय कॅमेरा ठेवायची जागा आहे?"

मावशीने फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडून म्हातारा म्हणाला, "बाई, चाळीस वर्षं दात घडवतोय, माझी माफी मागणाऱ्या तुम्ही पहिल्या. जरा थांबा, आमच्या मंडळींना बोलावतो. त्यांच्यासमोर पुन्हा एकदा मागा." मावशीने पुन्हा एकदा मागितली. मंडळींनी विचारलं, नक्की ह्यांची चूक नव्हती ना? नक्की नव्हती, असं मावशीला तिसऱ्यांदा सांगावं लागलं.

घड्याळजी यायला तयार नव्हते. मावशी चौकात त्यांच्या दुकानात गेली, काउंटरवर तो फोटो ठेवला आणि म्हणाली, "चूक माझी होती. आणि पंचवीस वर्षांपूर्वीही माझीच होती. चांगला फोटो मी डब्यात टाकला आणि वाईट तुम्हाला दिला." घड्याळजींनी भिंग लावून फोटो पाहिला. मग मागचं वाचलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अगं, बाहेर ये. बघ, तुला बाहेर काढल्याची नोंद सापडलीय."

बायको बाहेर आली, तिने वाचलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, ती मीच! आमचं नुकतंच ठरलं होतं. तुम्ही मला हाताला धरून बाहेर काढलं होतंत."

"उद्या या," मावशी म्हणाली. "माझ्या मागे उभ्या राहा आणि तेव्हा काय केलं होतं ते करा. उद्या नाही काढणार बाहेर."

दुसऱ्या दिवशी कॅमेरा तिकाटण्यावर होता, व्हिडिओ चालू होता. घड्याळजी उभे होते, मान हवी तशी कललेली. मावशीने त्यांना हात लावला नाही. बायकोने आधी त्यांच्या खिशातला रुमाल काढून घेतला आणि मग ती मावशीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. ती काय करत होती ते मावशीला दिसलं नाही. तिने मागे वळून पाहिलं नाही, कारण काम म्हणजे काम. तिला समोर तेवढं दिसलं. घड्याळजींचे ओठ आधी थरथरले, हात खिशाकडे गेला, खिसा रिकामा होता, आणि मग पंधरा वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. ते इतके हसले की भिंतीला टेकले. चिमणी आतून काय झालं म्हणून पळत आली आणि काही न कळता तीही हसायला लागली. व्हिडिओतून काढलेल्या फोटोला मावशीने बोट लावलं नाही. जसा होता तसा दिला, तिरक्या डोळ्यांसकट.

कारागिराने साचा दोन दिवसांत धाडला. जुन्या फोटोतला तो शेजाऱ्यावर चढलेला दातही त्याने आठवणीने तसाच केला होता. तात्पुरते दात बसले, काडी आडवी धरली, काडी सरळ राहिली. घड्याळजींनी आरशात पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरोब्बर बारा." बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तिने तोच रुमाल वापरला.

पक्कं काम व्हायला महिना गेला. शेवटच्या दिवशी दवाखान्याच्या रिवाजाप्रमाणे शेवटचा फोटो काढायचा होता. घड्याळजी नातीला कडेवर घेऊन आले होते. नात त्यांचे नवे दात बोटाने चाचपून बघत होती. मावशीने कॅमेरा हातात घेतला. बायको नेहमीच्या जागी, मावशीच्या मागे गेली. घड्याळजींनी तिच्याकडे पाहिलं आणि हसायला सुरुवात केली, आजोबांना बघून नात हसली, आणि मावशीला या वेळी राहवलं नाही. खटका दाबता दाबता तिने मान वळवून मागे पाहिलं.

मागे ती स्वतःच उभी होती. ओठ घट्ट मिटलेले, भुवया चढलेल्या, दोन बोटं हवेत कुणाची तरी हनुवटी धरून. "हलू नका," बायको अगदी तिच्याच आवाजात म्हणाली.

मावशी हसायला लागली ती थांबेचना. चिमणीला कॅमेरा तिच्या हातातून घ्यावा लागला. नंतरचे फोटो चिमणीनेच काढले आणि ते ठीक आले. पण मावशीने छापून घेतला तो पहिलाच, सगळा हललेला: दोन हसरे ढग, एक मोठा, एक छोटा. संध्याकाळी घरी जाऊन तिने कपाटातून डबा खाली काढला, फोटो उलटा केला आणि सवयीप्रमाणे मागे कारण लिहिलं.

‘हलली. फोटो काढणारी.’